बावन्नावा मणी

तीस वर्षं मी या संग्रहालयात किडे टाचणीला लावत आले. आणि सुरवंटाच्या अंगात अंडी घालणाऱ्या, रात्री उडणाऱ्या नव्या गांधीलमाशीला नाव मिळणार होतं माझ्या धाकट्या जावेचं! तिला इथं नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं.

"जाऊबाई, तोंड का पाडलंत?" तिनं हसून विचारलं.

"जुनीच जात निघेल बघ. मोजते मी."

माशीच्या मिशीला पेरांचे एकावन्न मणी असले तर जात जुनी, बावन्न असले तर नवी. भिंगाखाली बावन्न भरले.

जावेची पाठ वळताच मी चिमट्यानं टोकाचा मणी मोडला आणि पुन्हा मोजले.

बावन्नच.

आणखी एक मोडला. तरी बावन्न.

"अगं बाई," जाऊ माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "तुमच्या करंगळीची दोन पेरं कुठं गेली?"