एकटीची गस्त

झुंबर हवालदार कुलूप बघत नसत. ते मुठीत धरत, एकदा खाली ओढत आणि चावीच्या भोकावरून अंगठा फिरवत. अंगठ्याची ती जागा घासून गुळगुळीत झाली होती. मग ते पुढच्या दुकानाकडे वळत.

"बोल, पगारे."

चांगुणा पगारे त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल पुढे चालत बोलत राही. "उजवीकडे सायकल टेकवलेली. पुढे गटाराचं झाकण उघडं आहे. ओट्यावर दोघं जण. एक झोपलेला, एक बिडी ओढतोय. बिडीवाला नवीन आहे."

"नवा कशावरून?"

"पिशवी उशाला नाही, मांडीत धरलीय."

"हं."

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला होता. "जे दिसंल ते तोंडानं बोलायचं. मनात ठेवलं तर तुला दिसलं का नाय, मला काय कळनार?"

दहीपुलापासून भांडीबाजारापर्यंतची ही सकाळची गस्त होती. नव्या शिपायाला त्यावर एकटं पाठवायची चौकीची एक रीत होती. तो ज्या हवालदाराबरोबर फिरला, त्याने फौजदारांच्या टेबलासमोर उभं राहून "सोडा" म्हणायचं. कागद नाही, सही नाही. चांगुणाबरोबर प्रशिक्षण संपवून आलेल्या मुलांना त्यांच्या त्यांच्या हवालदारांनी पंधरवड्यात सोडलं. ती संक्रांतीला आली होती. होळी झाली तरी झुंबर हवालदार काही बोलले नव्हते.

या चौकीतून गस्तीला निघालेली ती पहिलीच बाई होती. कारण शोधायला कोणाला लांब जावं लागत नव्हतं.

"काय हवालदार," चहावाला अकबर म्हणाला, "सूनबाईंना एकटं सोडवत नाही वाटतं? रिटायर होईपर्यंत बरोबरच घेऊन फिरणार?"

"तू चहात पानी कमी घाल," हवालदार म्हणाले. त्यांनी तळहात पुढे करून ठेवला. अकबरने त्यावर ग्लास टेकवला.

चांगुणाने आपला ग्लास उचलला आणि दुसरीकडे पाहिलं.

लासलगावच्या कांदा मार्केटात तिचे वडील हमाल होते. लिलावाला येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ते सांगत, माझी लेक नाशकात दांडकं घेऊन बाजार फिरते. एकटी, असंही सांगत. तिने ते खोडून काढलं नव्हतं.

गुरुवारी फौजदार देवऱ्यांनी तिला बोलावलं. "सोमवारी नवीन ड्युट्या लागतायत. तोवर झुंबर 'सोडा' म्हणाला तर ठीक. नाहीतर तुला फोनवर बसवावं लागेल. एकदा बसलीस की तिथून उठवत नाही कोणी, सांगून ठेवतो."

"त्यांनी काही चूक सांगितली का, साहेब?"

"तो काहीच सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गप्प चालली. दोन दुकानं झाली. तिसऱ्यापाशी हवालदार गल्लीच्या मधोमध थांबले. समोरून पिंपांनी भरलेली हातगाडी येत होती.

"ओ हवालदार, सरका की! ब्रेक नाय गाडीला!"

हवालदार हलले नाहीत. "बोल, पगारे."

"काय बोलू? तुम्हाला सगळं दिसतंच आहे."

गाडीवाला पाय रोवून गाडी आवरत शिव्या घालत होता.

"तरी बोल."

"हातगाडी," ती म्हणाली. "डावीकडे घ्या."

ते डावीकडे सरकले. गाडी त्यांच्या कोपराला घासून गेली.

शनिवारी भांडीबाजारात अजून एकही फळी उघडली नव्हती. बहिरूशेठच्या दुकानाचं कुलूप हवालदारांनी मुठीत धरलं, ओढलं, अंगठा फिरवला. "ठीक हाय." ते पुढे निघाले.

चांगुणा जागची हलली नाही.

"हवालदार, हे कुलूप शेठचं नाही."

"कशावरून?"

"शेठ दुकान बंद करताना कुलपाला कुंकवाचं बोट लावतात. रोज. याला कुंकू नाही."

हवालदार परत फिरले. त्यांनी कुलूप पुन्हा हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. ते मजबूत होतं, त्याच आकाराचं होतं.

"कडी बघ."

"कडीला ताजा ओरखडा आहे."

बहिरूशेठ आले. त्यांची चावी लागली नाही. लोहाराने कुलूप तोडलं तेव्हा आतला तांब्याचा निम्मा माल गेलेला होता. उरलेला परत येऊन न्यायचा, तोवर कोणाला संशय नको, म्हणून चोराने स्वतःचं कुलूप लावलं होतं. संध्याकाळी तो चावीसकट सापडला.

हवालदारांनी ते कुलूप मुद्दामच सोडलं असणार, असं चांगुणाला वाटलं. परीक्षा म्हणून. त्यात आपण उतरलो, असंही वाटलं.

फौजदारांनी दोघांना टेबलासमोर उभं केलं.

"काय पगारे, शेठ पेढे घेऊन आला होता." मग ते हवालदारांकडे वळले. "झुंबर, आता शेवटचं विचारतो. आजचं बघूनही तुझा शब्द निघत नसेल, तर मी हिचं नाव फोनवर टाकतो. एकटी फिरेल की नाही?"

झुंबर हवालदारांचा अंगठा पट्ट्याच्या बकलावरून फिरत राहिला. चांगुणा भिंतीकडे बघत राहिली.

"बाईमाणूस आहे म्हणून का रे?" फौजदारांनी आवाज खाली आणला.

"नाय साहेब."

"मग काय चुकतंय तिचं?"

"काय नाय चुकत. दुसऱ्याच आठवड्यात तयार होती."

"आणि तू दोन महिने थांबवून ठेवलीस?"

हवालदारांनी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. टेबल तिथे नव्हतं, वीतभर पुढे होतं. टोपी फरशीवर पडली. ते तिला शोधायला वाकले नाहीत.

"सोडा तिला, साहेब," ते म्हणाले. "अन् फोनवर मला बसवा. संक्रांतीपासून मी हिच्याच डोळ्यांनी फिरतोय."