नवऱ्याची पेटी

पिकअप फाटकाशी थांबली, तशी व्हर्लीनच्या हातातली सुरी क्रीममध्येच थबकली. दाराला कडी घालावी का, असा विचार मनात येईपर्यंत पायऱ्यांवर बूट वाजलेसुद्धा.

"मी आहे गं, डेल्बर्ट."

तिचा जीव भांड्यात पडला. पुरता नाही, अर्धामुर्धा. डेल्बर्ट तिचा थोरला दीर, पण आवाज हुबेहूब तिच्या नवऱ्याचा. हॉइट नाहीसा होऊन सात महिने झाले, तरी दारात गाडी थांबली की तिची नजर आधी कडीकडे जायची. गावाला त्याचं नवल नव्हतं. हॉइटच्या पंज्याच्या खुणा तिच्या गालावर टेनेसीतल्या त्या एवढ्याशा गावानं दर रविवारी चर्चमध्ये पाहिल्या होत्या आणि मोठ्या सभ्यपणानं माना वळवल्या होत्या. आता सात महिने गाल कोरा होता. हे दिवस असेच राहावेत, याहून जास्त तिचं देवाकडे काही मागणं नव्हतं.

डेल्बर्ट टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला. जन्मभर लाकडात रमलेला सुतार, आणि आता बावन्नाव्या वर्षी बोहल्यावर चढायला निघालेला.

"शनिवारी लग्न. नवरीचा, मर्नाचा, पांढरा केक तिची मावशी करतेय. नवरदेवाचा वेगळा असतो, तो तू करायचास."

"काय करू? मासा की बंदूक? इथले नवरदेव तिसरं काही मागत नाहीत."

"बापाची पेटी कर."

व्हर्लीननं सुरी खाली ठेवली.

"अक्रोडाच्या लाकडाची ती," डेल्बर्ट म्हणाला. "लहानपणी आम्ही दोघं भाऊ एकदमच तिच्यात लपायचो. आई शोधून शोधून दमायची. हॉइट गेला तो तीही घेऊन गेला. माझ्याकडे दुरुस्तीला आणली होती, संध्याकाळी ट्रकवर चढवली आणि निघाला, तो निघालाच." त्यानं टोपी हातात फिरवली. "त्यानंतर इकडे फिरकलासुद्धा नाही ना?"

"नाही."

शेरीफलाही तिनं हेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ट्रक मेम्फिसच्या बस अड्ड्यावर सापडला, रिकामा.

"परत येईलसं वाटतं तुला?"

"गाडी वाजली की दचकते मी, डेल्बर्ट. अजून काय सांगू?"

तो ओशाळला. "बरं, पेटीचा जुना फोटो आहे घरी. आणून देऊ?"

व्हर्लीन घाबरट असेल, पण हातातल्या कलेचा ताठा तिला होता. "पंधरा वर्षं माझ्या ओसरीवर होती ती. हॉइटच्या चिखलाच्या बुटांखाली आणि दोरखंडांखाली का होईना, पण होती. फोटो घेऊन केक करायला मी काय काल शिकले?"

शुक्रवारी सकाळी तिनं काम काढलं. लांबट केकवर फिकट तपकिरी क्रीम लावून तो थंड केला. मग गडद क्रीमच्या रेघा ओढल्या आणि काट्याचे दात एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. हात थांबला की लाकूड खोटं दिसतं. शेवटचा रंग व्होडकात कालवायची रीत आहे, पण केक जाणार होता चर्चच्या हॉलमध्ये. तिनं व्हॅनिलाच्या अर्कात कोको कालवला आणि कुंचल्यानं भेगांत भरला.

झाकणापाशी मात्र तिला घाम फुटला. बाहेर कुणाची तरी गाडी संथ होऊन पुढे गेली, तोवर ती श्वास रोखून उभी होती. मग तिनं डोळे मिटले. डोळे मिटले की ते झाकण समोर येतंच असे. त्यासाठी आठवायचीही गरज नव्हती. तिनं दातकोरणी गोल फिरवत लाकडातली एक गाठ काढली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीच्या कडेला बारीक चीर. रेषा गाठींना वळसे घालून गेल्या. केक खरा झाला होता. तिला त्याच्याकडे फार वेळ पाहवेना, म्हणून तिनं त्यावर खोका पालथा घातला.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये लोक पांढऱ्या केककडे ढुंकूनही पाहीनात. एका म्हातारीनं पेटीच्या बाजूवर बोटानं टकटक केली आणि बोट चाटत ती परत फिरली. मर्ना हसून म्हणाली, "सांभाळा गं, हा सुरी सोडून करवत आणेल!"

सगळे हसले. व्हर्लीनही हसली. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, निभावलं.

डेल्बर्ट केक कापायला सुरी घेऊन पुढे आला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याचं बोट क्रीमला न लावता एका गाठीवरून दुसरीवर गेलं, तिसरीवर गेलं, आणि चिरेपाशी थांबलं. मर्ना पाहुण्यांकडे वळली होती.

"सुंदर केलंस," तो हळू म्हणाला.

"आवडलं ना?"

"बापानं झाकणाची फळी निवडून घेतली होती, व्हर्लीन. गाठ नावाला नव्हती तिला. गेल्या थंडीत ती उभी फाटली, म्हणून तर हॉइट पेटी घेऊन माझ्याकडे आला." त्यानं सुरी मेजावर ठेवली. "हे झाकण मी केलेलं. तीन गाठींची फळी, तिसरीला चीर. दुसरी सुकी फळी नव्हती वखारीत. त्याच संध्याकाळी मी खिळे ठोकले आणि त्यानं पेटी ट्रकवर चढवली."

व्हर्लीननं घाईनं सुरी उचलली, झाकणाचा कोपरा कापायला.

"तो इकडे फिरकलाच नाही, तर तू हे झाकण पाहिलंस कधी?"