मोठ्यानं वाचायचं नाही

"आत आहे, पण बाहेर काही येणार नाही," आई म्हणाली आणि खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून तिनं समुपदेशक बाईंना बसायला जागा करून दिली.

बंद दाराआड कुणीतरी खळखळून हसलं. मग भरभर बोलणं सुरू झालं. आत ठकी एकटीच होती, हातातल्या मोबाईलशी बोलत. पंधरा वर्षांची ही मुलगी पाच महिने शाळेकडे फिरकली नव्हती. जाग आल्यापासून डोळे मिटेपर्यंत इंटरनेट. जेवणाचं ताटसुद्धा दाराच्या फटीतून आत जायचं आणि रिकामं होऊन बाहेर यायचं.

बाईंना यात नवं काही नव्हतं. शाळेनं त्यांना नेमलं होतं ते अशाच मुलांसाठी. या वर्षी त्यांच्या यादीत अकरा जण होते. त्यांनी दारावर टकटक केली, आपण कोण, कशाला आलो ते सांगितलं. आतलं बोलणं थांबलं, आणि बाई खुर्चीपर्यंत परत पोचायच्या आत पुन्हा सुरूही झालं.

"महिनाअखेरपर्यंत आली नाही तर पटावरून नाव कमी होईल," बाई म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. ती एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते, त्यांवरून ती अंगठा फिरवत राहिली.

"असं नका करू, मॅडम. शाळा एकदा सुटली की सुटलीच. मग नाही जाता येत."

"मग तिच्याशी बोलता आलं पाहिजे. मोबाईलवर का होईना."

आई जरा घुटमळली. मग तिनं एक नंबर सांगितला. बाईंनी भेटीचा कागद पुढे केला तेव्हा म्हणाली, "तुम्हीच भरा ना. माझा चष्मा कामावर राहिलाय. मी सही करते."

त्या संध्याकाळी बाईंनी निरोप टाकला. 'शाळेत का जावंसं वाटत नाही? मी रागावणार नाही. खरं असेल ते सांग.'

उत्तर आलं दोन दिवसांनी, दुपारी एक वाजता. 'तुम्ही बोलून पाठवा मी लिहीन'

बाईंनी तेच बोलून पाठवलं. त्यानंतर उत्तरं येत राहिली, नेहमी एक ते दीडच्या मध्ये. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. मधूनच एखादा भलताच शब्द, मोबाईलनं बोलणं चुकीचं ऐकून टाईप करावं तसा. हल्लीच्या मुलांना बोटं हलवायचाही कंटाळा, बाईंच्या मनात आलं.

मजकूर मात्र कंटाळलेल्या मुलीचा नव्हता.

'अक्षरं एका जागी राहत नाहीत हलतात'

'सरांनी उभं करून धडा वाचायला लावला मी तीन ओळींत अडकले सगळा वर्ग हसला सर पण हसले'

'मग मी दप्तर घेऊन निघायचे आणि बसथांब्यावर बसून राहायचे शाळा सुटायच्या वेळेला घरी'

'आईला का नाही सांगितलंस?' बाईंनी विचारलं.

'ती म्हणाली असती हिला डोकंच नाही अजून तो वर्ग स्वप्नात येतो'

हा निरोप बाईंनी तीनदा वाचला. यादीतल्या कुणीच आजवर त्यांना 'बोअर होतं'च्या पलीकडे काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषेच्या सरांना गाठलं.

"वाचायला त्रास? तिला?" सर म्हणाले. "छान वाचायची की."

"चाळीस मुलांत तुमच्या लक्षात आलं नसेल. हसायला मात्र वेळ मिळाला," बाई फटकन बोलून गेल्या.

सर आ वासून बघत राहिले. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

मुख्याध्यापकांनी आधी नियम काढून दाखवले. बाई हट्टाला पेटल्या. आठ दिवसांत त्यांनी कार्यालयात सहा हेलपाटे घातले आणि पत्र हातात पडल्यावरच दम घेतला. वर्गात मोठ्यानं वाचायचं नाही, परीक्षेत जास्तीचा वेळ, आणि आठवड्यातून तीन दिवस वेगळ्या शिक्षिका, अशाच मुलांना शिकवणाऱ्या.

'सगळं ठरलं,' बाईंनी बोलून पाठवलं. 'सोमवारी नऊला येते. आता तुला कुणी हसणार नाही.'

'खरंच का' असं आलं. मग, 'मी तयार राहीन'

सोमवारी दार आईनं उघडलं. तिनं रजा घेतली होती. केस चापूनचोपून बांधलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. आतलं दार मात्र बंदच होतं.

"अगं, चल! सगळं ठरलंय ना आपलं?" बाईंनी दार जोरात वाजवलं.

दार उघडलं. विस्कटलेल्या केसांची ठकी, गळ्यात हेडफोन. "कुठे?"

बाईंनी तिच्या हातात पत्र दिलं. ठकीनं ते उभ्या उभ्या घडघडा वाचलं. "'सदर विद्यार्थिनीस वाचनाची अडचण असल्याने तिच्यावर प्रकट वाचनाची सक्ती करू नये...' हे कुणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल," बाई चाचरत म्हणाल्या.

"मला येतं की वाचता. मला शाळेचा कंटाळा येतो, बस."

"आणि तू मला जे लिहिलंस ते?"

"मी? मी कधी लिहिलं?"

बाईंनी मोबाईल तिच्यासमोर धरला. ठकीनं नंबर पाहिला. "हा तर आईचा आहे."

बाई वळल्या. आई चपला घालून दाराशी उभी होती.

"मॅडम, त्या शिकवणाऱ्या बाई," जमिनीकडे बघत तिनं विचारलं, "मोठ्या माणसांना घेतात का हो?"