अजून थोडा डावीकडे

कॅमेरा बसवणारा शिडीवर चढला आणि सासूबाईंनी खाली खुर्ची टाकली.

"अजून थोडा डावीकडे घे रे."

"आजी, आता नुसतं शेजारचं अंगण दिसतंय."

"मग? चोर काय फाटकातून विचारून येतो? शेजारूनच भिंत चढणार."

सून म्हणाली, "आई, माझी नवी सायकल फाटकाशी असते."

"सायकलीवर माझं लक्ष आहे. तू आत जा."

तेव्हापासून शेजारणीकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हातात पिशवी होती का, सगळं सासूबाईंच्या मोबाइलवर. दुपारची मालिकासुद्धा सुटली.

महिन्याभरात सायकल चोरीला गेली. रेकॉर्डिंगमध्ये सायकलीचं चाकही नव्हतं. मात्र त्याच रात्री शेजारणीची स्कूटर ढकलत नेणारा माणूस लख्ख दिसत होता. सासूबाईंची पंचाईत झाली. दाखवावं तर कॅमेऱ्याचा रोख उघडा पडणार, लपवावं तर बिचारीची स्कूटर कायमची जाणार. शेवटी सासूबाईंनी मन घट्ट करून चपला घातल्या आणि दार उघडलं.

दारात शेजारीणच उभी होती, मोबाइल पदराआड धरून.



"काकू, रागावणार नसाल तर एक दाखवते. तुमची सायकल नेणारा आमच्या कॅमेऱ्यात अगदी नाकाडोळ्यांसकट आलाय."