घरात किती जण

“आठ बाइटमध्ये यादीचा पत्ता मावतो. मग तो पत्ता सांगणारा हा पॉइंटर सोळा का घेतो?” शिल्पा मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि नाजिया तिसऱ्यांदा हातातल्या खडूकडे बघत राहिली.

फळ्यावर तिचाच प्रोग्राम होता. यादीत दहा नोंदी, आणि तिच्या शहाण्या प्रोग्रामनं आठच वाचून हात झटकले होते. यादीचा पत्ता तिनं बरोबर पाठवला होता. त्याच्यासोबत आलेली लांबी मात्र ओझं समजून वाटेत टाकली होती आणि पुढे आपल्या मनानं आठच नोंदी धरल्या होत्या. रस्ट ही भाषा असलं सहजासहजी करू देत नाही. नाजिया बाईसाहेबांनी त्यासाठी मागची खिडकी उघडली होती. चूक करायलाही कष्ट घ्यावे लागतात, ते असे. आता ती त्याच फळ्यापुढे घाम पुसत उभी होती.

लातुरात डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासांच्या पाट्यांना तोटा नाही. त्या गर्दीत, एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत, तिशीतल्या शिल्पा मॅडम प्रोग्रामिंग शिकवत. उद्या हैदराबादची एक कंपनी मुलाखती घेणार होती. मॅडम पाचच नावं पाठवणार होत्या आणि चार ठरली होती. पाचवं नाव नाजियाचं नसेल, तर सोमवारपासून तिनं गंजगोलाईजवळच्या दुकानात अब्बांशेजारी बांगड्यांचे डबे लावायचे. अब्बा, म्हणजे यासेरभाई, काही वाईट माणूस नव्हते. ‘दोन वर्षं झाली, आता पुरे’ एवढंच ते शांतपणे म्हणाले होते. त्यांचं शांतपणे म्हटलेलं घरात कुणी मोडत नसे.

निकाल ऐकायला त्यांनी आपल्या आईला धाडलं होतं. बिलकीस दादी मागच्या बाकावर बसली होती. डोक्यावर पाटी घेऊन चाळीस वर्षं गावोगाव बांगड्या भरलेली बाई. माणसाचं तोंड ती नंतर बघायची, मनगट आधी. मॅडमच्या एका हातात घड्याळ होतं, दुसरा मोकळा. “एवढी शिकलेली बाई, अन् हात बघा,” ती आल्या आल्या पुटपुटली होती.

“दादी, चल घरी,” नाजियानं खडू खाली ठेवला. “मला नाही जमत.”

“काय न्हाई जमत? बाई काय इचारून राहिल्या, ते तर सांग.”

“नुसता पत्ता असला की पुरतं का, असं विचारतायत.”

दादीनं कपाळावर हात मारला. “नुस्ता पत्ता? या अल्ला! धोंडाबाईच्या घरी काय झालं, शंभरदा सांगितलं की गं तुला!”

नाजिया जिन्याकडे निघाली होती, ती थांबली. फळा पुसायला उचललेला मॅडमचा हातही तसाच राहिला.

“मॅडम,” नाजिया परत वळली. “गोष्ट त्र्याण्णवच्या भूकंपाची आहे. पण उत्तर तेच आहे. सांगू?”

मॅडमनी नुसती मान हलवली.

“औशाकडचं एक गाव. घरं सगळी पडलेली. ढिगारा उपसणाऱ्यांना पत्ता मिळाला होता, देवळामागचं धोंडाबाईचं घर. रेशनकार्डावर नावं चार. चौघांना काढलं आणि ते पुढच्या घराकडे निघाले. तेव्हा माझी दादी ढिगाऱ्यावर बसली. म्हणाली, सहा जण आहेत, मी उठणार नाही. आदल्याच दिवशी तिनं त्या घरात बांगड्या भरल्या होत्या. धोंडाबाईची लेक माहेरी बाळंतपणाला आली होती. लग्न झाल्यावर लेकीचं नाव कार्डातून कमी केलेलं, आणि नऊ दिवसांच्या बाळाचं बारसंच व्हायचं होतं. कार्डावर त्या दोघी नव्हत्याच.” नाजियानं श्वास घेतला. “पत्ता खरा होता, मॅडम. घरात किती जण, ते मात्र त्यांनी आपल्या मनानं धरलं होतं. मीही तेच केलं. म्हणून आठ बाइट पत्त्याचे, आणि आठ, तिथं किती आहेत ते सांगायला. दोन्ही बरोबरच फिरले पाहिजेत. वाटेत टाकले, तर कुणीतरी आत राहून जातं.”

मॅडमनी टेबलावरचा कागद ओढला आणि चार नावांखाली पाचवं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. नाजियानं ते उलट्या बाजूनंही वाचलं आणि तिला रडू फुटलं.

दादीला कागदाचं काही कळलं नव्हतं. ती अजून ढिगाऱ्यावरच होती.

“तीन घंटे खणलं त्यांनी,” ती सांगत होती. “बाळंतिणीची बाज कणगीच्या आडोशाला होती, म्हणून वाचल्या. मायलेकी दोघी जित्या निघाल्या. लई खुशी झाली. पन माझं एक काम राहूनच गेलं, बाई. त्या पोरीला काळ्या मण्यांच्या मनगट्या घालायच्या होत्या. एवढुशा मापाच्या पाटीत नव्हत्या. उद्या आनते, म्हनले होते. मंग ती मानसं कुठं गेली, काय कळलंच न्हाई.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाकांमधून चालत मागं आल्या आणि दादीपुढे खाली फरशीवरच बसल्या. घड्याळ काढून त्यांनी बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

“दादी, धोंडाबाईच्या घरातलं हे सहावं मनगट भरायचं राहिलंय.”