सगळे सिग्नल लाल

चहाच्या सुट्टीची पंधरा मिनिटं. तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि जिन्याखालच्या बाकावर बसून फोनवरचा खेळ उघडला. तिच्या शहरातली एकही गाडी हलत नव्हती.

सदतीस गाड्या जागच्या जागी. सगळे सिग्नल लाल. फलाटांवर चिमुकल्या माणसांची ही गर्दी!

ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, दुपारी दोन ते रात्री दहा. नवरा पावाच्या कारखान्यात भट्टीवर, पहाटे पाच ते दुपारी एक. दोघांची गाठ पडायची ती दारातच. तो आत येताना, ती बाहेर पडताना.

या धावपळीत दोघांनी एकच चैन ठेवली होती. गाड्या चालवायचा आणि शहर वसवायचा हा खेळ, दोघांत मिळून एकच शहर. पीठ फुगेपर्यंत तो रूळ टाकायचा. यंत्रात नमुने फिरत असताना ती घरं बांधायची. त्याने डोंगरातून बोगदा काढला, की दुसऱ्या दिवशी पलीकडे तिची वस्ती उभी. भांडणंही तिथंच व्हायची. एकदा त्याने तिच्या बागेतून रूळ नेले, तर हिने त्याच्या लाडक्या स्टेशनाला खेटून कचरा डेपो उभारला. आठवडाभर दोघं आपापल्या जागी हसत होते.

आणि आज याने सगळं बंद पाडलं होतं. कामावरून फोन करायचा नाही, असं दोघांचं ठरलेलं. तरी तिने फोन लावलाच.

"अरे, काय करून ठेवलंस? चार महिन्यांची मेहनत!"

"काही मोडलेलं नाही. मीच थांबवल्यात. तू फोन करावास म्हणून."

"मग सरळ सांगायचं ना!"

"कधी? दारात चपला घालताना?" तो म्हणाला. "आत्ताच लेकीला शाळेतून आणलं. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, तुम्ही दोघं वेगळे राहता का?"

ती बाकावरून उठली.

"ती तान्ही होती म्हणून आपण उलट्या पाळ्या घेतल्या," तो म्हणाला. "आता ती साडेआठ ते चार शाळेत असते. मग आळीपाळीने घरी बसून आपण सांभाळतोय कोणाला?"

तिने फोन ठेवला. सुट्टीची सहा मिनिटं उरली होती. ती दोन-दोन पायऱ्या चढत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या खोलीपाशी गेली आणि दार वाजवलं.

"मॅडम, मला नऊ ते पाचची पाळी मिळेल का?"

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"अगं, दोन वर्षं झाली, त्या पाळीला मला माणूस मिळत नाहीये. मला वाटायचं, तुला दुपारचीच आवडते!"