आजोबांची तलवार

जपानी कॅप्टननं तलवार दोन्ही तळहातांवर धरून पुढे केली. “आजोबांची आहे. जपा हिला,” तो मोडक्या चिनीत म्हणाला. आमची चिनी डिव्हिजन अमेरिकनांनी बिहारमधल्या रामगडला घडवलेली. ब्रह्मदेशात लढून, आता १९४५ साली जपान्यांची शरणागती घ्यायला नानजिंगला आली होती. आमचा आचारी शा इथलाच. आठ वर्षांपूर्वी जपान्यांनी त्याच्या वडिलांना त्यांच्याच खारवलेल्या बदकांच्या दुकानात, गिऱ्हाईक म्हणून येऊन, कापलं होतं. शानं तलवार मागून घेतली. कॅप्टननं डोळे मिटले, आम्ही तोंडं फिरवली. शानं मात्र खारवलेलं बदक काढलं, ओंडक्यावर ठेवलं आणि तलवारीनं हाडांसकट खटाखट तोडलं. धारेला दाते पडले, तसा कॅप्टन हुंदके देऊ लागला. “बदकाचा पुढचा भाग देऊ की मागचा?” शानं त्याला विचारलं. “बाबा सगळ्यांना विचारायचे. तुमच्या माणसालाही विचारलं होतं.” त्यानं वाडगा कॅप्टनच्या पुढ्यात आदळला. “जपतो हिला. रोज बदकं कापून झाली, की धुऊनपुसून ठेवीन.”